तगरीवरची डोळे वटारणारी अळी आणि लिफ्टजवळचा लष्करी पतंग

पावसाळा सुरू झाला की माझ्या फोनवर दोन फोटो ठरलेले. पहिला जुलैत येतो. सोसायटीच्या कुंपणाला लावलेली तगर, तिच्यावर बोटाएवढी जाड हिरवीगार अळी आणि अळीच्या मानेशी वटारलेले दोन निळे डोळे. खाली प्रश्न: "विषारी आहे का?" दुसरा फोटो त्यानंतर महिनाभराने. लिफ्टशेजारच्या भिंतीवर जवळजवळ तळहाताएवढा पतंग, अंगावर सैनिकाच्या गणवेशासारखे हिरवे, राखी, गुलाबी पट्टे. खाली पुन्हा तोच प्रश्न.

फोटो पाठवणारी माणसं वेगळी असतात. प्राणी एकच असतो.

पूर्वी लोक असले फोटो कुतूहलाने पाठवायचे. २०२२ च्या पावसाळ्यात 'घोणस अळी'चे मेसेज राज्यभर फिरले, कुणी म्हणे चावली की पाच मिनिटांत माणूस जातो, आणि तेव्हापासून फोटोंबरोबर भीतीही यायला लागली. आमच्या शेजारच्या काकूंनी तर गेल्या वर्षी माळ्याला औषधाचा पंप घेऊन उभंच केलं होतं. मला खिडकीतून हाक आली, "अगं, तू त्या किड्यांचं बघतेस ना? खाली ये आधी, मग हा मारतो." म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

आधी ओळख पटवू

पतंग म्हणजे संक्रांतीला उडवतो तो नव्हे, हे सांगायला नको. फुलपाखराचा हा बहुतांशी निशाचर भाऊबंद. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत, फुलपाखरांच्या जेमतेम तेराशे-चौदाशे. तरी शाळेच्या पुस्तकात चित्र असतं ते फुलपाखराचं.

आपल्या पाहुण्याचं शास्त्रीय नाव डॅफनिस नेरी. कार्ल लिनियसने १७५८ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि तो ज्या झाडावर वाढतो त्या कण्हेरीचं, म्हणजे नेरियमचं, नाव त्याला दिलं. हा 'हॉक मॉथ' कुळातला. हॉक म्हणजे ससाणा. लांब निमुळते पंख, सुरीसारखी झेप आणि जाडजूड धड, असं हे कुळ. पुढे आपण याला सरळ कण्हेरीचा पतंग म्हणू.

बसलेला असताना त्याला ओळखणं सोपं आहे. पंख मिटून पाठीवर उभे करत नाही, मागे कलते ठेवतो. वरून पाहिलं तर लोहगावच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या सुखोईचीच आठवण होते. रंग शेवाळी हिरवा, त्यावर संगमरवरात असतात तशा पांढुरक्या शिरा, पंखाच्या मधोमध फिकट गुलाबी पट्टा, कडेकडे जाताना जांभळट राखी. पंख जिथे धडाला जोडला जातो तिथे एक पांढुरका ठिपका आणि त्या ठिपक्यात हिरवट टिकली. पंख पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नऊ ते अकरा सेंटीमीटर.

याच्याशी गल्लत होते ती मुख्यतः त्याच्या सख्ख्या चुलत भावाशी, डॅफनिस हायपोथसशी. तो जास्त काळपट, आणि त्याच्या पुढच्या पंखाच्या अगदी टोकाला छोटा पांढरा ठिपका असतो. बाकीच्यांशी गोंधळ व्हायचं खरं तर कारण नाही, पण होतो. फिकट पोपटी रंग आणि मागे दोन लांब शेपट्या असतील तर तो चंद्र-पतंग, म्हणजे मून मॉथ. ताटलीएवढा, विटकरी, पंखात पारदर्शक त्रिकोणी खिडक्या असलेला तो ॲटलास. वर्तमानपत्रात दरवर्षी 'दुर्मिळ' म्हणून छापून येतो तो. छातीवर कवटीसारखं चित्र आणि पोटावर पिवळे-काळे पट्टे दिसले तर तो तिळावरच्या मोठ्या अळीचा पतंग. तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो आणि धरला तर चक्क चिरकतो. त्याच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

अळीचे डोळे डोळे नाहीत

सुरवंट आणि अळी यांत आपल्या आज्या फरक करायच्या, आणि तो फरक बरोबर होता. केसाळ तो सुरवंट, त्याच्या केसांनी खाज सुटते. गुळगुळीत ती अळी. आपली ही अळी आहे, अंगावर एक केस नाही.

मादी कोवळ्या पानांवर फिकट हिरवी अंडी एकेक करून घालते. बाहेर येते ती पिवळसर दोऱ्याएवढी अळी, मागे लांब, बारीक, काळं शिंग. खाते, कात टाकते, पुन्हा खाते. पूर्ण वाढली की साडेसात-आठ सेंटीमीटर लांब, हिरवी, दोन्ही अंगांना पांढरी रेघ आणि रेघेच्या आजूबाजूला पांढरे-निळसर ठिपके. मागचं शिंग आता आखूड आणि पिवळं झालेलं असतं. त्या शिंगाची लोकांना फार भीती, विंचवाची नांगी असावी तशी. हात लावून पाहिलं तर ते शेवग्याच्या कोवळ्या शेंगेच्या टोकासारखं मऊ लागतं.

आता ते डोळे. खरे डोळे डोक्यावर दोन्ही बाजूंना असतात, टाचणीच्या टोकाएवढे, सहसा दिसतही नाहीत. निळे, काळ्या कडेचे, मधे पांढरट चमक असलेले ते दोन गोल म्हणजे कातडीवरची नक्षी आहे. फांदी हलली की अळी डोकं पोटाकडे दुमडते, डोक्यामागचा भाग फुगवते आणि ते गोल ताणले जाऊन पुढे येतात. बुलबुलाने टोच मारायला मान पुढे केली आणि समोर अचानक सापासारखं तोंड दिसलं, तर तो क्षणभर थबकणार. अळीला तेवढा क्षण पुरतो. भारद्वाज मात्र या सोंगाला भीक घालत नाही, हे मी आमच्याच कुंपणात पाहिलंय.

अळी दिसत नसेल तर खाली बघा. फरशीवर काळ्या मिऱ्यांएवढ्या, उभ्या खाचा असलेल्या लेंड्या पडल्या असतील, तर बरोबर त्यांच्या वरच्या फांदीवर ती असते. माळीकाका असाच शोध घेतात. मला ही युक्ती त्यांनीच शिकवली.

कण्हेर खाऊन ती जगते कशी?

खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा थांबू.

कण्हेर विषारी आहे हे आपल्याकडे लहान मुलांनाही सांगितलेलं असतं. जनावरं तिला तोंड लावत नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या दुभाजकात कण्हेर लावलेली दिसते, तिथे हा गुण सोयीचाच आहे: पाणी कमी लागतं आणि गुरं फिरकत नाहीत. तिच्या पानांत ओलिअँड्रिन नावाचं द्रव्य असतं. अशा द्रव्यांच्या गटाला कार्डिॲक ग्लायकोसाइड म्हणतात, म्हणजे हृदयावर परिणाम करणारी साखरजोड रसायनं. हा शब्द आता विसरलात तरी चालेल, 'कण्हेरीचं विष' एवढंच पुढे लागणार आहे. याच गटातलं डिगॉक्सिन हे औषध डॉक्टर हृदयाच्या काही रुग्णांना अगदी मोजून देतात. मात्रा जरा चुकली तर तेच जिवावर बेततं.

हे विष नेमकं काय करतं? आपल्या पेशीपेशीच्या भिंतीत एक पंप असतो. तो सोडियम बाहेर ढकलतो आणि पोटॅशियम आत ओढतो. दर खेपेला तीन बाहेर, दोन आत, हे अखंड चालू. सोसायटीच्या तळघरातली पाण्याची मोटर डोळ्यांपुढे आणा. मोटर चालू असते तोवर तिची कुणाला आठवण नसते. ती बंद पडली की तासाभरात चौथ्या मजल्यावरून फोन सुरू होतात. शरीरातला हा पंप बंद पडला की पहिली ओरड होते ती नसा आणि हृदय यांची, कारण त्यांचं सगळं काम या सोडियम-पोटॅशियमच्या चढउतारावर चालतं. कण्हेरीचं विष नेमकं या पंपात जाऊन अडकतं.

अळीलाही नसा आहेत, अळीलाही पंप आहे. मग?

यावर एक उत्तर निसर्गात आधीपासून आहे. माळावर, रस्त्याकडेला रुईवर वाढणारं केशरी-काळं फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल, प्लेन टायगर. रुईच्या चिकातही याच गटातलं विष असतं. त्या फुलपाखराच्या कुटुंबात पंपाचाच साचा थोडा बदललाय, त्यामुळे विष त्यात नीट बसत नाही. कुलूप बदललं, जुनी किल्ली लागेना.

कण्हेरीच्या पतंगानेही असंच केलं असेल असा अंदाज होता. हॅम्बर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये त्याचा पंप तपासला तर काय, तो विषाला अगदी सहज बळी पडणारा निघाला. कुलूप जुनंच होतं. २०१३ मध्ये त्यांनी पुढचा धागा पकडला. या अळीच्या मज्जारज्जूभोवती एक आवरण असतं आणि ते विषाला आत शिरू देत नाही. चुकून आत घुसलेलं बाहेर हाकलणारी यंत्रणाही तिथे असते. म्हणजे मोटर कुणी बदलली नाही, मोटरच्या खोलीला पक्कं दार बसवलं आणि दाराशी वॉचमन ठेवला.

तगर, सदाफुली, सप्तपर्णी, गॅलरीतल्या कुंडीतलं ॲडेनियम, या झाडांवरही ही अळी वाढते. ही सगळी कण्हेरीची नातलग आहेत. सगळ्यांत विष मात्र एकच नाही. सदाफुलीतली द्रव्यं वेगळ्या जातीची, ज्यांच्यापासून कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टिनसारखी औषधं बनतात. एवढ्या प्रकारची कडू पानं एकच अळी पचवते. पुण्यात गेल्या काही दशकांत रस्तोरस्ती सप्तपर्णी लावल्या, दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उग्र वासावरून दरवर्षी तक्रारी होतात. पतंगाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मग ती अळी स्वतःच विषारी झाली असणार

सरळ विचार केला तर असंच वाटतं. विष खाल्लं म्हणजे विष अंगात भिनलं. प्लेन टायगरच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. ते विष साठवतं, आणि म्हणूनच भडक केशरी कपडे घालून दिवसाढवळ्या रेंगाळत उडतं. "खाऊन बघा, पस्तावाल" ही त्याची पाटी आहे.

कण्हेरीच्या पतंगाची अळी विष साठवत नाही. लेंड्यांवाटे टाकून देते. आणि एकदा हे कळलं की तिचं सगळं वागणं उलगडतं. खरोखर विषारी असती तर तिला हिरव्या पानांत हिरवं होऊन लपायची गरज काय होती? डोळ्यांचं सोंग कशासाठी? मोठं झाल्यावर शेवाळलेल्या भिंतीसारखा अंगरखा कशासाठी? ज्याच्या खिशात काही नसतं तोच गर्दीत अंग चोरून उभा राहतो किंवा उसना दम भरतो. ही अळी दोन्ही करते.

हात लागला तर? आणि ती पावडर?

मोठा पतंग चावू शकत नाही. त्याच्या तोंडाला जबडा नसतो, फुलातला रस ओढायची लांब नळी असते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. लोकरीचे कपडे कुरतडणारी जात वेगळी, तांदळाच्या दाण्याएवढी. कपाटाची काळजी याच्यामुळे करू नका.

अळीला धरलंत तर ती कधीकधी हिरवा रस ओकते. तो रस म्हणजे चावलेली कण्हेर किंवा तगर. हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना तोंडात हात घालू देऊ नका. एवढीच खबरदारी, आणि ती खरं तर कण्हेरीची पानं तोडल्यावरही घ्यायला हवी.

पंखांची 'पावडर' डोळ्यांत गेली तर माणूस आंधळा होतो, हे मीही लहानपणी ऐकलंय. ती पावडर म्हणजे बारीक खवले, कौलं रचावीत तसे पंखावर रचलेले. नक्षी सगळी त्यांचीच. डोळ्यांत गेले तर धूळ गेल्यावर होतं तेवढं चुरचुरेल, पाण्याने धुवा. नुकसान झालंच तर पतंगाचं होतं, खवले गेले की परत येत नाहीत.

घोणस अळीचं म्हणाल तर ती निराळ्या कुळातली आहे. तिच्या अंगावर काट्यांचे झुपके असतात. ते टोचले की जबर आग होते, अंगावर गांधी उठतात, ॲलर्जी असलेल्या माणसाला त्रास वाढू शकतो आणि तेव्हा डॉक्टरकडे जायलाच हवं. चिकटपट्टी लावून काटे ओढून काढायचे आणि बर्फ लावायचा, हा तेव्हा सांगितलेला प्रथमोपचार आजही योग्य आहे. पण पाच मिनिटांत माणूस जातो ही अफवा होती. गुळगुळीत अंगाच्या आपल्या अळीचा या प्रकरणाशी संबंध नाही.

भिंतीवर बसून थरथरतो, मरायला टेकलाय का?

नाही, तो इंजिन तापवतोय. हॉक मॉथचं धड जड आणि पंख त्या मानाने अरुंद, त्यामुळे उडायला स्नायू गरम लागतात, साधारण आपल्या अंगाइतके किंवा थोडे जास्तच. म्हणून उडण्याआधी तो बसल्या जागी पंख बारीक थरथरवतो. थंडीत जुनी स्कूटर चोक ओढून सुरू करायचो, तसं. या वेळी झाडू आणू नका, दोन-तीन मिनिटं द्या. तो आपला आपण जाईल.

दिव्याबद्दल एक गंमत. पतंग दिव्यावर का झेपावतो, यावर कवींनी आपल्याकडे भरपूर लिहून ठेवलंय. २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये याचं वेगळंच कारण प्रसिद्ध झालं: उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण लाखो वर्षं उजेड म्हणजे वरचं आकाश. बाजूला बल्ब असला की 'वर' कुठे हे त्यांना कळेनासं होतं आणि ते त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. त्या प्रयोगात बहुतेक कीटक असेच वागले. जे थोडे वेगळे वागले, त्यांत कण्हेरीचा पतंग होता. तो त्या दिव्यावरून न डगमगता सरळ निघून जाताना दिसला. प्रेमात जळून जायची परंपरा याने पाळलेली नाही. तरी तो तुमच्या लिफ्टपाशी दिवसा सापडतो, कारण उजाडायच्या आत बसायला त्याला एक निवांत उभी जागा हवी असते.

झाडाचं काय? फवारणी करायची का?

हा प्रश्न मला रास्त वाटतो. एक मोठी अळी शेवटच्या आठवड्यात खूप खाते. कुंपणाच्या तगरीला तिने काही होत नाही. एरवी आपण कात्रीने करतो ती छाटणी तिने केली असं समजा, पावसात पंधरवड्यात नवी पालवी येते. कुंडीतलं छोटं ॲडेनियम मात्र दोन अळ्या रातोरात खराट्यासारखं करून ठेवतात. तिथे अळीसकट फांदी कापून कुंपणाच्या तगरीवर नेऊन टेकवा, काम झालं.

औषध मारायला माझा विरोध आहे. त्या फवाऱ्यात अळ्यांबरोबर त्यांच्यावर जगणाऱ्या गांधीलमाश्यांसारख्या कीटकांचाही निकाल लागतो, आणि अळ्यांचं खरं नियंत्रण तेच करत असतात. पुढच्या वर्षी अळ्या जास्त दिसल्या की पुन्हा औषध. शिवाय ती तगर बहुधा देवासाठी फुलं तोडायचीही जागा असते.

पूर्ण वाढलेली अळी रंग बदलते, तपकिरी होते आणि झाडावरून उतरून जमिनीवर चालू लागते. पार्किंगमध्ये टायरखाली चिरडलेल्या दिसतात त्या बहुतेक याच. तिला पालापाचोळा हवा असतो, त्यात शिरून ती चार धाग्यांचा विरळ कोष विणते. आपण तोच पाला रोज झाडून कोपऱ्यात पेटवतो. कुंपणाच्या बुडाशी हातभर रुंदीचा पाला तसाच ठेवला तर फारसं काही बिघडत नाही, आमच्या कमिटीने दोन बैठकांनंतर हे मान्य केलं.

बदल्यात पतंग काय देतो? संध्याकाळी उशिरा निशिगंधापाशी उभे राहा. पांढरी, नळीसारखी, अंधारात वास सोडणारी फुलं या कुळातल्या पतंगांनाच बोलावत असतात. पपईची फळधारणाही बऱ्याच प्रमाणात हॉक मॉथच्या फेऱ्यांवर होते. ते फुलावर बसत नाहीत, हवेत एका जागी तरंगत नळी आत घालतात. याच कुळातला एक लहान सदस्य दिवसा घाणेरीच्या फुलांवर असाच तरंगतो आणि लोक मला "हमिंगबर्ड दिसला" म्हणून कळवतात. भारतात हमिंगबर्ड नाही.

याची उडायची ताकद सांगायची तर, ही जात आफ्रिका आणि दक्षिण आशियातून उन्हाळ्यात युरोपात जाऊन पोहोचते, क्वचित ब्रिटनपर्यंतही. तिथला हिवाळा तिला सोसत नाही. भारतातल्या हॉक मॉथवरचा मोठा ग्रंथ १९३७ साली बेल आणि स्कॉट यांनी लिहिला. त्यातले बेल हे कारवारकडे जंगलखात्यात होते आणि त्यांनी स्वतः अळ्या पाळून त्यांच्या नोंदी केल्या होत्या. बोटीने किंवा घोड्यावर फिरून करायचं ते काम आज आपल्याला तगरीच्या कुंडीपाशी उभं राहून करता येतं.

मीही एकदा करून पाहिलं. काकूंच्या माळ्याच्या तडाख्यातून वाचवलेली अळी जुन्या बरणीत ठेवली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा, रोज ताजी तगर. चौथ्या दिवशी तिने खाणं सोडलं, तपकिरी झाली. बुडाशी ओला पाला घातला, त्यात ती शिरली. पुढचे पंधरा-सोळा दिवस काही हालचाल नाही, बोटाएवढा बदामी कोष नुसता पडून. काकू रोज विचारायच्या, "मेली असेल गं." एका रात्री साडेआठला बरणीतून फडफड ऐकू आली. झाकण काढून बरणी गॅलरीत ठेवली. चुरगळलेले, ओले पंख तासाभरात इस्त्री केल्यासारखे ताठ झाले. मग ती थरथर सुरू झाली. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "हाच तो लिफ्टजवळचा?" त्यांनी विचारलं. मी मान हलवेपर्यंत तो कठड्यावरून सुटला होता आणि खालच्या दिव्याकडे न बघता टेकडीच्या बाजूला गेला.